साहेबांचा 'ड्यू कोर्स' आणि आमचा साकव

२ एप्रिल १९२९, मंगळवार

मागच्या महिन्यात, १९ मार्चच्या पानावर, मी असं लिहिलं आहे: "साहेबांचं पत्र आलं. अक्षयतृतीयेच्या आत नदीवर पक्का पूल बांधून देतो असं त्यांनी लिहिलं आहे. मी पत्र देवळापुढं वाचून दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला." यातलं पहिलं, तिसरं आणि चौथं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे.

काका सव्वीस वर्षं कर्जत स्टेशनात तारबाबू होते. त्यांनीच मला लिहायला शिकवलं, आणि त्यांचा नियम असा की वहीत खाडाखोड करायची नाही. चूक तशीच ठेवायची, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. म्हणून ही दुरुस्ती.

पत्रात एवढंच आहे की गावाचा पुलासाठीचा अर्ज पोचला, आणि 'द मॅटर विल बी टेकन अप इन ड्यू कोर्स'. म्हणजे यथाकाल विचार होईल. पूल बांधतो असं नाही. अक्षयतृतीया तर नाहीच.

घडलं ते असं. मी 'यथाकाल' असंच वाचलं होतं. पाटील, म्हणजे येसाजीमामा, म्हणाले, "यथाकाल म्हंजी कदी गं, आवडे?"

मी म्हणाले, "योग्य वेळी."

"आन् ती कदी?"

"साहेबांना वाटेल तेव्हा."

"वाटंल कदी पन?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. काकांनी कोपर मारलं. "सांग की. वेळ नसलेला कागद इंग्रज काढीत नाही. सव्वीस वर्षं पाहिलंय मी." देवळाच्या खांबाला पंचांग टांगलेलं होतं. माझी नजर तिकडं गेली आणि तोंडातून निघालं, "अक्षयतृतीयेच्या आत." पूल बांधून देतो हेही मागोमाग निघालं. एक खोटं बोललं की दुसरं त्याचा हात धरून येतं.

माझं इंग्रजी काकांच्या रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकातलं आहे. 'गार्डाने हिरवा बावटा दाखवावा' हे मला न अडखळता म्हणता येतं. यथाकाल हा प्रकार त्या पुस्तकात नाही. ही सबब नव्हे, नुसती नोंद.

नदीपलीकडं गावाची निम्मी शेतं आहेत आणि वर ठाकूरवाडी आहे. दरसाल शिमगा झाला की साकवाची तयारी सुरू होते. येसाजीमामा ऐनाची लाकडं देतात, घराघरातून दोन बांबू निघतात आणि वाडीचे जैतूबाबा सगळं वेलांनी बांधून देतात. पावसाळ्याचे चार महिने नदीवर तोच एक रस्ता. यंदा कोणी कोयत्याला धार लावली नाही. पक्का पूल येतोय ना.

मी गावाला खरं सांगणार आहे. शॉर्टली.

— आवडी

५ एप्रिल, शुक्रवार

येसाजीमामा सकाळी आले. म्हणाले, "ते सायबाचं बोलनं मला मराठी अक्षरात लिवून दे. टोपीत ठेवतो." मी 'इन ड्यू कोर्स' लिहून दिलं. त्यांनी तीनदा घोकलं. तिसऱ्यांदा 'इन' गळालं आणि 'डू कोर्स' राहिलं.

लगेच पहिला उपयोग झाला. देवीचा गुरव धोंडी वाटेतच भेटला. देवळाची कौलं कधी चाळून देणार म्हणून तो शिमग्यापासून विचारतो आहे.

"डू कोर्स," मामा म्हणाले.

"म्हंजी?"

"सायबाच्या भाषेत हाय. पक्कं काम."

धोंडी समाधानानं गेला. मामा कितीतरी वेळ त्याच्या पाठीकडं बघत उभे होते. माणूस विहिरीत पोहरा सोडतो आणि त्यात सोन्याची अंगठी येते, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मामांनी साकवाची ऐनाची लाकडं आपल्या गोठ्याला लावली. पडून कुजू नयेत म्हणून. गावाच्या वस्तूची ते फार काळजी घेतात.

१३ एप्रिल, शनिवार

गावात आता मराठीत 'उद्या' कोणी म्हणत नाही.

शेजारच्या आनंदीबाईंनी पाडव्याला आमची परात नेली होती. आईनं मागितली तर म्हणाल्या, "देते की डू कोर्स." संध्याकाळी आनंदीबाई विस्तव मागायला आल्या. आई चुलीसमोर बसली होती, जाळ चांगला हातभर वर येत होता. आई म्हणाली, "चूल पेटंल डू कोर्स." परात लगेच आली.

एकच शब्द सगळे वापरतात म्हणून तो हलका झाला अशी तक्रार आहे. लोक माझ्याकडं नवे मागायला येतात. मी काकांच्या कोशात बघून 'सून', 'शॉर्टली', 'बाय अँड बाय' आणि 'वन ऑफ दीज डेज' एवढे दिले. 'सून' बायकांना आवडला नाही. म्हणाल्या, घरात आहे ती पुरे.

देताना मी प्रत्येकाला बजावलं की यातल्या कशातच तारीख नाही. पारावरचा हिरू म्हणाला, "म्हनून तर मागतोय."

काकांनी सगळ्यांची प्रत लावून दिली. 'सून' म्हणजे मेल, 'शॉर्टली' म्हणजे पॅसेंजर, 'बाय अँड बाय' म्हणजे मालगाडी. मी विचारलं, "आणि ड्यू कोर्स?" काकांना एकाएकी चष्मा सापडेना. तो त्यांच्या कपाळावर होता.

फक्त कोंडीनं हे शब्द घेतले नाहीत. तिची म्हैस वेणार होती. कधी, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिला इंग्रजी येत नाय गं बाय. सकाळीच व्याली."

गावाला खरं सांगायचं राहिलंच. वन ऑफ दीज डेज सांगते.

२१ एप्रिल, रविवार

जैतूबाबा वाडीवरून खाली आले. ओसरीवर बसले, कोयता शेजारी ठेवला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "ताय, पुनव आली. मंग अंधारा पंधरवडा. बांबू त्यात तोडला तर कीड लागत नाय. चांदन्यातला बांबू भुगा होतो, मान्सासकट खाली जातो. तोडू का नको?"

मी म्हणाले, "पूल येतोय ना."

"कदी?"

मी त्यांचा तांब्या पुन्हा भरून आणला. ते म्हणाले, "सूनबाई चिमा पोटुशी हाय. आषाढात दिवस भरत्यात. मंगळी सुईन तुमच्या गावात. आषाढात नदीत हत्ती ऱ्हात नाय. म्हनून इचारतो. माझं काय, मी पवून येईन."

मग त्यांनी पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मी इंग्रजीतच वाचलं, म्हटलं त्यांना काय कळणार. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "अक्षयतृतीया कुठं आली यात? मला तर आयकू नाय आली."

माझ्या कानांतून वाफ निघाली असावी.

जैतूबाबा आपणच म्हणाले, "इंग्रजीत तिचं दुसरं नाव आसंल."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मला बाहेर पडायला वाट करून दिली आणि मी त्या वाटेनं निघून गेले. हे दुसरं खोटं. १९ मार्चचं घाईत झालं होतं. हे स्वस्थ बसून, पाणी दिल्यावर झालं.

जाताना कोयत्याची धार त्यांनी अंगठ्यावर पाहिली. "सायबाला बांबूची येळ ठाव आसंल ना गं?" एवढंच म्हणाले.

५ मे, रविवार

अक्षयतृतीया सात दिवसांवर आली. नदीवर साहेब नाही, मिस्त्री नाही, मोजायची साखळीसुद्धा नाही. तेव्हा गावानं देवीला कौल लावायचं ठरवलं.

देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. धोंडी गुरवानं कळ्या लावल्या आणि विचारलं, "काय इचारू?"

येसाजीमामा म्हणाले, "इचार, सायब डू कोर्स पूल देनार का?"

धोंडी रागावला. "देवी होय सांगते न्हाय तर नाय सांगते. डू कोर्स सांगत नाय. तिला दिवस सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मामा म्हणाले, "आवडे, तूच सांग. कागद तुझ्याकडं हाय."

मी म्हणाले, "अक्षयतृतीयेच्या आत." हे तिसरं, आणि देवीसमोर.

कळ्या हलल्या नाहीत. ऊन पायरीवरून उंबऱ्यावर आलं, तरी दोन्ही जागच्या जागी. पोरं पेंगली. धोंडी हळूच म्हणाला, "सवाल खोटा आसला की देवी बोलत नाय." मी मनाशी ठरवलं, आता सांगायचंच. तोंड उघडलं.

तेवढ्यात मामांनी टोपी काढून देवीला नमस्कार केला. "आरं, कळलं का रं? देवीनं पन डू कोर्सच सांगितलं!"

गावानं टाळ्या वाजवल्या. मला तोंड मिटावं लागलं.

९ मे, गुरुवार

अवस. अंधारा पंधरवडा संपला. गावात एक बांबू तुटला, तो हिरूनं गळ टाकायला काठी म्हणून.

परवा मी आपल्या बुद्धीनं साहेबांना पत्र पाठवलं. 'कृपा करून तारीख कळवावी,' एवढंच. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "ठीक आहे." मग अंगणात गेले आणि परत येऊन पुन्हा म्हणाले, "ठीक आहे." त्यांना हल्ली उन्हाचा त्रास होत असावा.

१२ मे, रविवार

अक्षयतृतीया. सकाळपासून मी दाराकडं बघत होते. लोक येणार, विचारणार, मग मी सांगणार. कसं सांगायचं तेही लिहून ठेवलं होतं.

कोणी आलं नाही. पुरणपोळ्या झाल्या. दुपारी मी स्वतःच पारावर गेले आणि येसाजीमामांना म्हणाले, "मामा, आज अक्षयतृतीया. साहेब आले नाहीत."

"येतील की."

"पण मी आजच्या आत म्हणाले होते."

"अगं, सायब मोठा मानूस. त्यांची अक्षयतृतीया जरा मागनं आसंल." आणि सुपारी कातरायला लागले.

माझं खोटं आज उघडं पडायला हवं होतं, आणि कोणाला त्याची फुरसत नाही. शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुलाचं नाव काढलं की लोक आता पुलावरून जाऊन आल्यासारखे बोलतात. आनंदीबाई विचारत होत्या, कठड्याला कोणता रंग येणार.

लिहून ठेवलेलं भाषण जपून ठेवलं आहे. ते सून वापरीन.

१७ मे, शुक्रवार

साहेबांचं उत्तर आलं. इतकं लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आईनं कात्रीनं उघडून दिलं.

'युवर लेटर विल बी रिप्लाइड टु ॲट ॲन अर्ली डेट.'

म्हणजे माझ्या पत्राला उत्तर लवकरच्या तारखेला देऊ. मी तारीख विचारली होती. त्यांनी तारीख कधी कळवणार याचीही तारीख कळवलेली नाही, आणि तरी सगळं फार सभ्य आहे. खाली सहीसुद्धा सुंदर आहे.

येसाजीमामांना कसं कोण जाणे कळलं. "नवा आलाय म्हनं? दे लिवून." मी दिला नाही. मला शब्द देता येत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

२१ मे, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

चिमा नदीतल्या धोंड्यांवरून उतरून खाली आली. मंगळी सुईणीला दाखवायला आली होती. परत जाताना आमच्या दारात टेकली. माझ्याच वयाची असेल. पाय सुजले होते. मी गूळ दिला.

ती म्हणाली, "ताय, मंगळीबाय म्हनते आषाढाचा पयला पंधरवडा. मामाजी म्हनत्यात पूल हाय. नवरा म्हनतो नाय. पूल नसंल तर मी जेठातच खाली येऊन ऱ्हाते. पन मंग वर नाचनीचं बी कोन पेरनार? तुमी लिवता-वाचता. पूल कदी होनार?"

मी म्हणाले, "शॉर्टली."

मी मुद्दाम म्हणाले नाही. कोणी शिंकलं की आपण 'सत्य आहे' म्हणतो तसं निघून गेलं.

गावातला कोणी असता तर हसला असता, कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे की त्यात काही नसतं. चिमाला ठाऊक नव्हतं. तिनं मान हलवली. उजव्या हाताची बोटं पुढं धरली, डाव्या हाताचं बोट करंगळीवर ठेवलं, आणि म्हणाली, "बरं. म्हंजी कितव्या दिवशी?"

ती बोट ठेवून वाट बघत होती.

मी म्हणाले, "चिमा, मला ठाऊक नाही. साहेबांनी दिवस दिलेला नाही. पहिल्यापासून दिला नव्हता. तो मी घातला."

तिनं बोटं मिटली. रागावली नाही. "मंग मामाजींना बांबू तोडायला सांगू का?"

"सांग."

"एकटं मामाजी आन् माझा नवरा मिळून साकव व्हत नाय, ताय. ऐनाची लाकडं पाटलाची. गाव लागतं."

"गावाला मी सांगते," मी म्हणाले. ती उठली, आणि उंबऱ्याशी वळून तिनं तेच विचारलं जे सगळे मला दोन महिने विचारताहेत.

"कदी?"

२२ मे, बुधवार

सकाळी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून एक पिवळा कागद काढला. १९१२ सालचा. काकांनी बढतीचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर. मी वाचलं. 'योर ॲप्लिकेशन विल बी कन्सिडर्ड इन ड्यू कोर्स.'

"मग?"

"मग काय. विचार चालू आहे."

"काका, तुम्ही निवृत्त होऊन तीन वर्षं झाली."

"हां." त्यांनी कागद परत घडीवर घडी घालून मिटला. "चौदा वर्षं मी रजा घेतली नाही. म्हटलं, नेमका त्याच दिवशी साहेबानं बोलावलं तर?"

"पण तुम्हीच म्हणाला होतात, वेळ नसलेला कागद इंग्रज काढीत नाही."

"गाड्यांची वेळ देतो गं. माणसांची नाही."

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो."

कधी, असं मी विचारलं नाही. उत्तर त्या पिवळ्या कागदावरच होतं.

नंतर मी ही वही मागं चाळली. सांगणार आहे, सांगते, ठरवलं, भाषण तयार आहे. जिथं जिथं लाज वाटली तिथं तिथं मी इंग्रजी लिहिलं आहे. खाडाखोड करायची नाही, म्हणून तसंच राहू देते. दुरुस्ती ही.

आज सांगितलं असतं. पण येसाजीमामा गाडी जुंपून कर्जतला गेले आहेत, दिवे लागल्यावर येतील, आणि लाकडं त्यांच्या गोठ्याला आहेत. ते नसताना त्यांच्याबद्दल बोलणं म्हणजे चहाडी. ही सबब आहे का, हे मी दोनदा तपासलं. गाडी खरंच गेली आहे. चाकोरी पाहून आले.

परवापासून अंधारा पंधरवडा. मृग लागायच्या आधीचा हा शेवटचा. म्हणजे सांगायला एकच दिवस उरतो, आणि तो चांगला आहे, कारण पौर्णिमेला देवळात गावजेवण असतं आणि सगळे एका जागी बसलेले असतात. जेवणानंतर सांगितलं तर निम्मे झोपतील. वाढायच्या आधी सांगितलं तर उपाशीपोटी फार चिडतील. पानावर भात पडला, वरण पडलं, पण 'पार्वतीपते' व्हायचं आहे, त्या वेळी सांगायचं. तेव्हा कोणाला उठता येत नाही.

तीन गोष्टी सांगायच्या. तारीख माझी होती, साहेबांची नव्हती. देवीपुढंही मीच खोटं बोलले. आणि येसाजीमामांनी लाकडं गोठ्याची काढून नदीवर आणून टाकावीत, शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. तिसरं सांगताना आवाज कापेल. आई म्हणाली, "कापू दे. मी शेजारी वाढत आसंन, हातात वरनाची पळी आसंल."

चिमाला वर निरोप धाडला आहे. तिनं दिवस विचारला होता, तो कळवला. उद्या, गुरुवार, २३ मे १९२९, वैशाखी पौर्णिमा.

— आवडी